अक्का, चेल्ली आणि मधली कृष्णा

राणी रुद्रमादेवी आणि तिची बहीण गणपांबा अशा दोन बहिणींची कादंबरी लिहायला घेतली की पहिल्या संवादाआधीच ठरवावं लागतं, थोरली कोण? मराठीत हा प्रश्न थोडा पुढे ढकलता येतो, 'बहीण' या शब्दाआड काही पानं काढता येतात. तेलुगूत तेवढीही सवलत नाही. सिरोंच्याकडे एकाच आठवडी बाजारात मराठी, तेलुगू आणि माडिया कानावर पडतात. तिथल्या कुणालाही माहीत असतं की घरच्या बोलण्यात तेलुगूत नुसती बहीण नसतेच. थोरली ती अक्का, धाकटी ती चेल्ली. हाक मारली की वय ठरलं. शिलालेख वयाच्या भानगडीत पडत नाहीत. ते बापाचं नाव सांगतात, नवऱ्याचं सांगतात, कुणाला किती दान दिलं ते सांगतात. थोरली-धाकटी हे लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत सांभाळायचं.

या दोघी म्हणजे ओरुगल्लूच्या, आजच्या वरंगळच्या, काकतीय गणपतिदेवाच्या मुली. गणपतिदेव ११९९ मध्ये गादीवर आला आणि साठ वर्षांहून जास्त काळ राजा राहिला. त्याला मुलगा नव्हता. रुद्रमादेवीला त्याने 'रुद्रदेव महाराज' या पुरुषी नावाने राज्यावर बसवलं. १२६२ ते १२८९ हा तिचा काळ. दुसरी मुलगी गणपांबा. ती धरणीकोटच्या कोट घराण्यातल्या बेत राजाला दिली. धरणीकोट म्हणजे कृष्णेच्या दक्षिण तीरावरचं, अमरावतीच्या स्तूपाजवळचं जुनं धान्यकटक. (आपली अमरावती वेगळी. मराठी वाचकासाठी हे पहिल्याच प्रकरणात मोकळं करावं, नाहीतर तो मनातल्या मनात बडनेऱ्याला उतरतो.) बेत वारल्यावर गणपांबेने ते राज्य स्वतः चालवलं. एकीने बापाच्या वंशाचं पुरुषी नाव घेऊन सत्ता चालवली, दुसरीने वैधव्यात, नवऱ्याच्या कुळाच्या नावाने. तेराव्या शतकात बाईला राज्य करायच्या ज्या दोन वाटा होत्या, त्या दोन्ही एकाच घरातून निघाल्या.

रुद्रमेवर लिहिणारे बहुतेकजण गणपांबेला लग्नाच्या मांडवातून निरोप देतात आणि विसरतात. माझ्या मते कादंबरी तिथेच बिघडते. बहीण गेली की राणीला एकेरी हाक मारणारं माणूस उरत नाही. सेनापती वाकून बोलतो, मंत्री जपून बोलतो, नवऱ्यालाही दरबारी पायरी सांभाळावी लागते. मग पानापानावर उरते ती घोड्यावर बसून तलवार उगारलेली बाई. तिला कधी ताप येत नाही, तिचं कधी चुकत नाही. 'तुला बाबांनी विचारलं तरी का? मला तर नाही विचारलं,' हे वाक्य तिला जगात एकच माणूस ऐकवू शकतं.

त्या घरात बहिणींचं आणखी एक जोडपं होतं, हेही विसरू नये. गणपतिदेवाच्या राण्या नारांबा आणि पेरांबा या सख्ख्या बहिणी, दिवी प्रदेशातल्या जायप सेनानीच्या. हा जायप पुढे गणपतिदेवाचा गजसेनापती झाला आणि त्यानेच 'नृत्तरत्नावली' हा नृत्यावरचा ग्रंथ लिहिला. म्हणजे बहिणी-बहिणी सवती असणं या मुलींनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या आपसातल्या प्रेमाला आणि धुसफुशीला ही पार्श्वभूमी आयती मिळते, वेगळी रचावी लागत नाही.

मराठीत लिहिताना सगळ्यात अवघड जागा क्रियापदाची आहे. 'रुद्रदेव महाराज म्हणाले' की 'म्हणाल्या' की 'म्हणाली'? आपलं क्रियापद लिंग लपवू देत नाही. एक वाट अशी: सभेत, शासनपत्रात, युद्धभूमीवर 'महाराज म्हणाले'. अंतःपुरात आणि बहिणीपुढे 'ती म्हणाली'. आणि वाक्य ज्याच्या नजरेतून चाललंय त्याचं मन जसं बदलेल तसं क्रियापद बदलायचं. बंडाच्या विचारात असलेला सामंत तोंडाने 'महाराज' म्हणतो, पण त्याच्या मनातलं वाक्य 'ती बाई आली' असं असतं. एवढ्या एका बदलाने त्याचं कारस्थान न सांगता कळतं. समोरासमोरच्या संवादात मात्र मराठी मदतीला येते: 'आपण आलात', 'आपण आज्ञा करावी' यात स्त्री-पुरुष दिसत नाही. दरबारातलं सगळं बोलणं या 'आपण'मध्ये ठेवावं. मग गणपांबा जेव्हा 'तू आलीस' म्हणते, तेव्हा त्या 'आलीस'चं वजन वाचकाला कळतं.

शब्दांची चाळणी ही दुसरी अवघड जागा. तेराव्या शतकातल्या तोंडी फारसीतून आलेले शब्द घालता येत नाहीत आणि ते आपल्या रोजच्या बोलण्यात किती खोल शिरलेत हे लिहायला बसल्यावर समजतं. बाजार, शहर, दरवाजा, हुकूम, फौज, सरदार, खबर, कागद, शिपाई, नजर, जमीन हे सगळे गाळायचे. त्यांच्या जागी हाट, नगर, कवाड, आज्ञा, दळ, नायक, वार्ता, ताडपत्र, पाईक, दृष्टी, भुई. संवादात हे कडक पाळावं. निवेदनात मात्र जमीन आणि नजर राहू द्यावेत, कारण निवेदक आजचा आहे आणि सगळंच गाळलं की गद्य पोथीसारखं लागतं. त्या काळचं बोललं जाणारं मराठी कानात बसवायचं तर लीळाचरित्र वाचावं. रुद्रमा ओरुगल्लूत राज्य करत होती त्याच वर्षांत आपल्या रिद्धपुरात म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करत होते. छोटी वाक्यं, नेमकी क्रियापदं, घरातल्या वस्तूंची साधी नावं. ती भाषा उचलू नये, उगाच 'म्हणितले' लिहू नये, पण तिचा आटोपशीरपणा घ्यावा.

शत्रू कोण, हा मराठी वाचकाच्या दृष्टीने नाजूक भाग. शत्रू आपण आहोत. गणपतिदेवाच्या आधीचा राजा देवगिरीच्या जैतुगी यादवाशी लढताना पडला आणि कोवळा गणपतिदेव यादवांच्या कैदेत गेला. तिथून सुटून तो राजा झाला. बापाचं हे बंदिवान तरुणपण मुलींच्या घरात पुन्हा पुन्हा बोललं जात असणार. पुढे रुद्रमेच्या काळात महादेव यादवाने तिच्यावर स्वारी केली. त्याबद्दल हेमाद्री लिहितो की महादेवाने आंध्रच्या राजाचे हत्ती आणि वाद्यं घेतली, पण रुद्रमा स्त्री म्हणून तिला जिवंत सोडलं. हाच तो हेमाडपंत. विदर्भात लोणारपासून पुढे कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो, इतका हा माणूस आपला. नंतरचा तेलुगू चरित्रग्रंथ नेमकं उलट सांगतो: राणीने महादेवाला देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि कोटीभर सोन्याची नाणी घेतली. शिवाय बिदरच्या किल्ल्यात तिच्या एका मांडलिकाचा शिलालेख आहे. राणीचा माणूस इतक्या पश्चिमेला आपलं नाव कोरून ठेवतो, यावरून 'दया म्हणून सोडली' हे पूर्ण चित्र नाही, असं मला वाटतं.

कादंबरीत यातली एक बाजू निवडून लढाई रंगवली की ती कुणाची तरी प्रशस्ती होते. हे प्रकरण बहिणीच्या अंगणात घडवावं. ओरुगल्लू ते धरणीकोट सडकेने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धरा. सामानाची बैलगाडी दिवसाला वीस-बावीस किलोमीटर जाते, म्हणजे दहा-अकरा दिवस. टप्प्याटप्प्याने माणसं बदलत धावणारा जासूद (हाही शब्द संवादात नको, 'हेर' किंवा 'दूत' लिहा) तीन-चार दिवसांत पोचतो. गणपांबेला आधी व्यापाऱ्यांच्या तांड्याकडून हत्ती गेल्याची वार्ता येते, मग चार दिवसांनी बहिणीचा दूत विजयाचं ताडपत्र घेऊन येतो. दोन वार्तांच्या मधले ते चार दिवस हेच खरं युद्धप्रकरण. दक्षिणेत ताडपत्रावर शाईने लिहीत नाहीत. लोखंडी लेखणीने अक्षर कोरतात आणि वरून तेलात कालवलेली काजळी चोळून पुसतात, तेव्हा ते काळं उमटतं. घाईत काजळी न चोळता पाठवलेलं पत्र दिव्यापुढे तिरकं धरून वाचावं लागतं. राणीने घाईत पाठवलंय हे मजकुराआधी तिथेच कळतं.

देवगिरीहून निघालेल्या सैन्याचाही हिशेब मांडावा. अंतर सहाशे किलोमीटर. हत्ती, बैल, पाईक, बाजारबुणगे असं दळ दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर सरकतं, म्हणजे जायलाच दीड महिना. दसऱ्याला सीमोल्लंघन केलं तर मार्गशीर्षाच्या आधी ओरुगल्लू दिसणार नाही, आणि मृगाच्या आत परत फिरायला हवं, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात गाड्याचं चाक तुंब्यापर्यंत रुततं. आषाढात वेढा घालणारी प्रकरणं इथेच कोसळतात. तोफाही नकोत, त्या काळात दख्खनमध्ये नव्हत्या. किल्ला लिहिताना आतली दगडी भिंत आणि बाहेरचा मातीचा तट, दोन्ही दाखवा. दारातून सरळ आत जाता येत नाही, काटकोनात वळावं लागतं, आणि त्या वळणावर हल्ला करणाऱ्याची कड उघडी पडते. मातीचा तट म्हणजे कच्चं काम असा आपला समज असतो. पण १३१० च्या वेढ्याचं वर्णन करताना अमीर खुसरो त्याच तटाच्या टणकपणाचं नवल करतो.

आणि कृष्णा. वर्षातले तीन-चार महिने ही नदी दोघींच्या मध्ये आडवी असते. प्राणहिता आणि गोदावरी आषाढ-श्रावणात कशा चढतात हे ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको. चैत्रात जिथे वाळूतून गाडी हाकत नेता येते, तिथे श्रावणात डोंगा घालायला अनुभवी नावाडी नाही म्हणतो. सिरोंचा ते कालेश्वर हा पूल २०१६ मध्ये झाला, तोवर इथली दोन तीरांवरची सोयरीकही नदीच्या पाण्यावर चालत आली. आक्काच्या घरी बाळंतपण असलं तरी पाणी उतरेपर्यंत वाट पाहायची. ही सवय लेखणीत उतरली तर रुद्रमेची बहीण आपोआप खरी होते. दोघींची भेट ठरवताना आधी महिना ठरवा. भाद्रपदात भेट घडवायची असेल तर त्यासाठी कुणाचा तरी जीव धोक्यात घालावा लागेल, आणि मग त्या भेटीला तेवढं मोल यायला हवं.

तिथी-वार सांभाळायची सोपी रीत आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पौषापासून पुढे बहुधा ७९. संवत्सराचं नाव हवं असेल तर शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा क्षय. शक १२११: अधिक १२ म्हणजे १२२३, भागून बाकी २३, म्हणजे विरोधी. काकतीय लेखातही तेच नाव येतं. तेलुगू आणि मराठी दोन्ही पंचांगं अमावास्येला महिना संपवतात, त्यामुळे महिने हलवावे लागत नाहीत. उत्तरेकडचं पंचांग वापरलं तर कृष्ण पक्षातली प्रत्येक तिथी एका महिन्याने सरकते, आणि अशी चूक छापून झाल्यावरच लक्षात येते.

ताटातही तीच काळजी. आपल्या भागात तर्री नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, पण मिरची पोर्तुगीजांनी आणली. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टमाटा, मका, पेरू, पपई, काजू, तंबाखू, यातलं काहीही या दोघींच्या हाती देता येत नाही. तिखट हवं तर मिरे, पिंपळी, आलं. आंबट हवं तर चिंच. भात, तूर, उडीद, ज्वारी, तीळतेल, गूळ, ताक. मोहफुलं जंगलकाठी. विडा चालेल, काताचा रंग ओठांवर येऊ द्या. भातावर मिरे घातलेलं चिंचेचं पातळ सार ओतलेलं दाखवलं की वाचकाला नदीपल्याडचं घर दिसतं. दागिने आणि केसांच्या गाठी बघायच्या असतील तर पालमपेटच्या रामप्पा देवळातल्या मदनिका बघाव्यात. ते देऊळ गणपतिदेवाच्याच सेनापतीने, रेचर्ल रुद्राने, १२१३ मध्ये बांधलं. म्हणजे या मुलींच्या लहानपणीच्या बायका तिथे काळ्या दगडात उभ्या आहेत.

आता तळं. काकतीयांचं राज्य तळ्यांवर उभं होतं. पाखाल आणि रामप्पाची तळी गणपतिदेवाच्या राजवटीतली. तळं बांधून देणाऱ्याला त्या पाण्यातून दहावा हिस्सा मिळायचा, त्याला 'दशबंध' म्हणत. झाडीपट्टीतल्या लिहिणाऱ्याला हा विषय शिकवावा लागत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या ज्याच्या शेताच्या वर आहेत, त्याला पाळ, म्हणजे तळ्याची मातीची भिंत, कशी जाते ते ठाऊक असतं. ती कधी एकदम फुटत नाही. आधी खेकड्या-उंदरांची बिळं, पाळीवर माजलेल्या झाडाची कुजलेली मुळं, किंवा पाणी सोडायच्या मोरीच्या दगडी जोडातून झिरपणारी बारीक धार. तेलुगूत या मोरीला 'तूमु' म्हणतात. धार स्वच्छ आहे तोवर भीती कमी. ती गढूळ झाली की आतली माती वाहू लागली आणि हाती फार थोडा वेळ उरला. सांडवा गवताने आणि लाकडांनी तुंबला असेल तर पाणी पाळीवरून जातं, मग पाळ मागच्या बाजूने खरवडत येते. ही दुरुस्ती वैशाख-ज्येष्ठात करतात, रोवणीच्या आधी. त्याच वेळी गावातले कष्टकरी हात पाईक म्हणून लढाईवर नेले असतील तर श्रावणात तळं जाणार आणि कार्तिकात कोठारं रिकामी. रुद्रमेची अडचण अशा एका पाळीतून जितकी दिसते तितकी दरबारातल्या भाषणातून दिसत नाही. तिने खानदानी सामंतांना बाजूला सारून साध्या घरातले नायक पुढे आणले आणि सामंत रागावले, हे इतिहासात आहे. फुटलेल्या पाळीवर उभा राहून हा नवा नायक गावकऱ्यांशी बोलतो आणि जुना सामंत पालखीतून खाली उतरत नाही. दोन पानांत सगळं येतं.

दोघींची भेट कुठे घडवावी? माझं मत ठाम आहे. गुंटूरकडच्या मलकापुरम इथे शक ११८३ चा, दुर्मती संवत्सरातला, म्हणजे १२६१ चा शिलालेख आहे. गणपतिदेव आणि रुद्रमा यांनी विश्वेश्वर शिवाचार्य या शैव गुरूला दिलेल्या गावांचा तो दानलेख. त्या उत्पन्नातून देऊळ, मठ आणि विद्यार्थी, अन्नछत्र, आणि त्यांच्या जोडीला प्रसूतिशाळा आणि आरोग्यशाळा चालवायची होती. तेराव्या शतकातल्या दगडावर बाळंतिणींसाठी घर. ही दानाची गावं धरणीकोटपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, एका दिवसाच्या गाडीवाटेवर. बहिणीच्या दाराशी. प्रसूतिशाळेची कल्पना कुणाच्या तोंडून आली असेल, हे लेख सांगत नाही. कादंबरी सांगू शकते. रुद्रमेला मुलीच झाल्या, आणि तिचा वारस प्रतापरुद्र तिच्या मुलीचा, मुम्मडम्माचा मुलगा. बाळंतपणाची भीती आणि वारसाची चिंता त्या घरात एकाच खोलीत राहत होती. शुद्धीवर नसलेल्या एखाद्या दासीच्या उशाशी दोघी बहिणी रात्रभर बसल्या आणि सकाळी एक महाराज होऊन बाहेर गेली, एवढा प्रसंग पुरे.

गणपांबेची स्वतःची खूण यनमदलच्या शिलालेखात आहे. नवऱ्याच्या पुण्यासाठी तिने बेतेश्वर नावाचं शिवालय उभारलं. तिला रडणारी विधवा करू नये. दगड, पाथरवट, धान्य, तेल, पुजाऱ्याची वृत्ती, अखंड दिव्याला किती गाई लागतील, हा सगळा हिशेब करणारी बाई ती. मार्को पोलो त्या किनाऱ्यावरच्या मोटुपल्लीच्या राज्याबद्दल लिहितो की नवऱ्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षं एक राणी तिथे न्यायाने राज्य करते आहे. तो बोलतोय रुद्रमेबद्दल असं धरलं जातं. पण रुद्रमेला राज्य बापाकडून मिळालं, नवऱ्याकडून नाही. बंदरावरच्या व्यापाऱ्यांच्या गप्पांत दोघी बहिणी एकमेकींत मिसळल्या आणि परक्या प्रवाशाच्या कानावर एकच राणी म्हणून पडल्या, असं मला वाटतं. मोटुपल्लीच्या व्यापाऱ्यांना गणपतिदेवाने १२४४-४५ मध्ये अभयशासन दिलं होतं: फुटलेल्या जहाजाचा माल राजा घेणार नाही, जकात तीसात एक. त्या बंदरावर कोण कुणाची मुलगी आणि कोण कुणाची विधवा याची चर्चा कापूर-मिऱ्यांच्या मापाबरोबर चालत असेल. हे प्रकरण बंदरावरच्या एखाद्या तराजूवाल्याच्या तोंडी द्यावं.

शेवट लढाईत करायचा मोह होतो. कायस्थ नावाच्या सामंत घराण्यातल्या अंबदेवाच्या बंडात म्हाताऱ्या राणीचा अंत झाला. पण तो सांगणारा दगड कुठल्या राजाने कोरलेला नाही. नलगोंडा जिल्ह्यातल्या चंदुपट्ला गावी, २७ नोव्हेंबर १२८९ चा, मार्गशीर्षातला लेख. राणी आणि तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेले म्हणून त्यांच्या पुण्यासाठी पुव्वुल मुम्मडी नावाच्या एका सेवकाने थोडी भुई देवाला दिली, एवढंच त्यात आहे. लढाईचं वर्णन नाही, बिरुदं नाहीत. कादंबरी तिथे थांबवावी. मार्गशीर्षात कृष्णा उतरलेली असते, वाळूची बेटं उघडी पडतात. दूत सहज पार होईल. त्याने ताडपत्र आणलंय की तोंडी निरोप, आणि दारात उभा राहून तो आधी 'महाराज' म्हणेल की 'तुमच्या अक्का', हे लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर थोरली कोण ते ठरवलं तेव्हाच ठरलेलं असतं.